घरचा बाम तिसऱ्या दिवशी रवाळ : शिया बदलू, पद्धत बदलू की काही विकत घेऊ? (बजेट १००० रुपये)

अबोली_नाशिक | २९ डिसेंबर, रात्री ९:१२

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून हातापायांना लावायचा बाम केलाय. १५ ग्रॅमच्या ४० डब्या. ओतला तेव्हा लोण्यासारखा होता. तिसऱ्या दिवशी बोट फिरवलं तर रव्यासारखी कणी लागते. वास ठीक, रंग ठीक, फक्त खरखर.

एकूण ६०० ग्रॅमचं प्रमाण असं:
कच्चं पिवळसर शिया बटर (आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांची घट्ट चरबी) २४०
खोबरेल १२०
बदाम तेल १२०
मधमाश्यांचं मेण ९०
कोकमाचं तूप ३०

पातेल्यात पाणी, त्यावर स्टीलचं भांडं, सगळं एकदम घातलं. शेवटचा मेणाचा तुकडा विरघळला की लगेच उतरवलं. थर्मामीटर नाही. डब्या भरून पुठ्ठ्याच्या खोक्यात एकमेकींना चिकटवून ठेवल्या, रात्रभर ओट्यावर.

विचारायचं ते एवढंच: असं का झालं? या ४० डब्या वाचतील का? आणि काही विकत घ्यायचं तर नेमकं काय? हातात १००० रुपये आहेत, त्यातच बसवायचंय. १० जानेवारीपर्यंत डब्या तयार हव्यात.

तूपसाखर | २९ डिसेंबर, रात्री ९:४०

अबोलीताई, लोणी कढवल्यावर तूप रवाळ व्हावं म्हणून आपण काय करतो? भांडं झाकतो, हलवत नाही, सावकाश निवू देतो. तुम्ही बामाला अगदी तीच वागणूक दिलीत. तुपात जी कौतुकाची गोष्ट, ती बामात दोष. खराब झालेला नाही, लावायला हरकत नाही.

खर्चिक_खारूताई | २९ डिसेंबर, रात्री १०:०५

कच्चं शिया घेतलंत तिथेच चुकलं. रिफाइन्ड घ्या, पांढरंशुभ्र, बिनवासाचं, परदेशातून येणारं किलोचं पाकीट. सोबत तापमान दाखवणारी इंडक्शन शेगडी आणि चांगला हँड ब्लेंडर. एकदाच खर्च होतो.

अबोली_नाशिक | २९ डिसेंबर, रात्री १०:११

खारूताई, बजेट १००० आहे हो.

खर्चिक_खारूताई | २९ डिसेंबर, रात्री १०:१४

इंडक्शनवर दूधही तापतं, फक्त बामासाठी थोडीच घ्यायचीय.

रसायनशाळा | २९ डिसेंबर, रात्री ११:२०

रिफाइन्डने कणी जात नाही. रिफायनिंगमध्ये रंग, वास आणि मोकळी आम्लं निघतात, मूळ चरबी तीच राहते. कणी त्या मूळ चरबीचीच असते.

शिया दिसायला एक पदार्थ, पण आत वेगवेगळ्या तापमानांना गोठणाऱ्या चरब्यांची मोळी आहे. त्यातल्या दोन इथे महत्त्वाच्या. एकीच्या रेणूत स्टिअरिक आम्लाचे दोन भाग आणि ओलेइकचा एक, ती चाळिशीच्या पुढे वितळते. दुसरीत उलट प्रमाण, ती साधारण २३ अंशांच्या आसपासच पातळ होते. मिश्रण हळूहळू निवलं की पहिली आधी गोठायला लागते आणि तिला वेळच वेळ मिळतो. थोड्याच जागी स्फटिक धरतात आणि तेच फुगत जातात, बाजूची चरबी मात्र अजून पातळ असते. हे फुगलेले स्फटिक म्हणजे तुमचा रवा. झटकन गार केलं तर एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक धरतात, कुणालाच मोठं व्हायला सवड मिळत नाही आणि बोटाला काही लागत नाही.

दुसरं कारण तुमच्या पद्धतीत दिसतंय. "शेवटचा तुकडा विरघळला की लगेच उतरवलं." डोळ्यांना स्वच्छ दिसलं तरी जुन्या मोठ्या स्फटिकांचे अवशेष तेलात राहू शकतात. विरजणासारखे ते पुढच्या स्फटिकांना बी म्हणून चालतात. म्हणून ७५ ते ८० अंशांना वीसेक मिनिटं धरून ठेवायचं असतं.

आधी एक परीक्षा करा. एक कण चिमटीत धरा आणि दहापर्यंत मोजा. विरघळला तर चरबी. न विरघळता चपटा झाला तर मेण. काहीच झालं नाही तर भलतंच काहीतरी आहे.

मधपोळं | ३० डिसेंबर, सकाळी ७:०२

मेणाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं. आधी मेण वितळवून वरून गार तेल ओतलं की तेल लागेल तिथे मेण जागच्या जागी गोठतं, त्याचे पांढरट चपटे कण होतात. मग लोक शियाला नावं ठेवतात. तेल वेगळं ६० च्या वर कोमट करून धारेने घालावं, किंवा अबोलीताईंनी केलं तसं सगळं एकदम चढवावं.

कच्चं मेण असेल तर मलमलच्या दुपदरी फडक्यातून गरम असतानाच गाळा. पोळ्यातला कचरा तळाशी बसतो आणि तोही बोटाला कणच वाटतो. मेणाची ढेप फार पांढरी, गुळगुळीत आणि मधाचा वासच नसलेली असेल तर त्यात पॅराफिन असू शकतं. ते मेणापेक्षा कमी तापमानाला वितळतं, बाम मऊ पडतो.

वहीतलं | ३० डिसेंबर, सकाळी ८:३०

हळू गार झाला म्हणून रवाळ झाला. पटकन गार करा.

तूपसाखर | ३० डिसेंबर, सकाळी ८:४१

हे वर दोनदा सांगून झालंय.

भिरंडेल | ३० डिसेंबर, दुपारी १:१५

शिया पश्चिम आफ्रिकेतून आणायचं आणि मग त्याच्या कणीवर चर्चा करायची. आपल्या कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तूप काढतात. मुठेल म्हणा, भिरंडेल म्हणा. टाचांच्या भेगांना याच्यासारखं दुसरं काही नाही. वितळतं ३८ ते ४२ अंशांना, वास जवळजवळ नाही, टिकतं भरपूर. शियाचे २४० काढा आणि सगळं कोकम घाला. कणीच येणार नाही, कारण कोकमात एकाच जातीची चरबी भरपूर असते, ती एकसंध गोठते.

रसायनशाळा | ३० डिसेंबर, दुपारी २:०८

अर्धं बरोबर. निखळ कोकम एकसंध बसतं, ढेप मोडली तर खट्कन तुटते. पण २७० ग्रॅम कोकम आणि वर ९० ग्रॅम मेण म्हणजे बाम नव्हे, खडू होईल. नखाने खरवडून काढावा लागेल. मऊ करायला तेल वाढवलं की परत पहिलाच प्रश्न. भरपूर पातळ तेलात विरघळलेलं कोकम सावकाश निवलं तर त्याचेही दाणे धरतात.

भिरंडेल | ३० डिसेंबर, दुपारी २:३०

मेण कमी करा की मग. ५ टक्के पुरे.

टेम्परिंगकाका | ३० डिसेंबर, सायंकाळी ६:४४

एकूण चर्चा अशास्त्रीय चालली आहे. "पटकन गार करा" हा सरसकट सल्ला चूक. कोको बटरचे स्फटिक सहा रूपांत बसतात, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत. पाचवं रूप हवं, ते ३३-३४ अंशांना वितळतं. एकदम फ्रिजमध्ये टाकलंत तर खालची अस्थिर रूपं धरतात आणि पुढच्या दिवसांत आपोआप बदलत राहतात. त्यातूनच पांढरे डाग आणि खरखर येते. म्हणून पूर्ण वितळवून २७ पर्यंत उतरवायचं, मग ३१-३२ ला चढवायचं आणि ओतायचं. चॉकलेटला करतात तेच. कोको बटर घ्या, मी सांगतो तसं टेम्परिंग करा.

रसायनशाळा | ३० डिसेंबर, रात्री ८:०२

काका, कोको बटरबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. पण पाककृतीत कोको बटर नाही. ते घातलं तरी सोबत २० टक्के खोबरेल आहे. खोबरेलाची चरबी लहान साखळीच्या आम्लांची, तिची कोको बटरशी जमत नाही. मिश्रण दोघांपेक्षा मऊ पडतं आणि पांढरं पडण्याची खोड लागते. चॉकलेटवाले म्हणूनच या दोघांना एकत्र आणत नाहीत. शिवाय १५ टक्के मेण असलेलं मिश्रण २७ अंशांवर हलवणार कसं? पन्नाशीच्या आतच त्याचा गोळा होतो.

टेम्परिंगकाका | ३० डिसेंबर, रात्री ८:२०

मेणच घालू नका. कोको बटर स्वतः घट्ट असतं.

मधपोळं | ३० डिसेंबर, रात्री ८:२६

आणि एप्रिलमध्ये डबीतून पिऊन टाका.

मोरपीस८ | ३० डिसेंबर, रात्री १०:५०

पुदिन्याची फुलं घातली आहेत का? मेंथॉल जास्त झालं की गार झाल्यावर सुयांसारखे स्फटिक बाहेर येतात. ते ४१ ते ४३ ला वितळतं, म्हणून गरम असताना सगळं विरघळलेलं दिसतं. कापूर आणि पुदिन्याची फुलं आधी कोरडीच एकत्र घोटली तर दोन्ही मिळून आपोआप पातळ होतात, ओवाफूल घातलं की झाली अमृतधारा. तो द्रव बामात घालावा, म्हणजे सुया धरण्याचा धोका कमी होतो.

अबोली_नाशिक | ३१ डिसेंबर, सकाळी १०:०३

मेंथॉल नाही, कापूरही नाही. चिमटीची परीक्षा केली. तीन-चार आकड्यांतच कण विरघळतो, खाली तेलकट डाग उरतो. म्हणजे चरबी.

पण एक शंका आहे. नाशिकला सध्या रात्री दहा-बारा अंश असतं. ओटा तर बर्फ झालेला असतो. तरी हळू गार झालं असं कसं?

रसायनशाळा | ३१ डिसेंबर, सकाळी ११:३०

खोक्यामुळे. ४० गरम डब्या चिकटून, भोवती पुठ्ठा, म्हणजे गोधडीच की. मधल्या डब्या कडेच्यांपेक्षा कितीतरी सावकाश निवल्या असणार. बघा, कणी मधल्या डब्यांत जास्त आणि कोपऱ्यातल्यांत कमी आहे का.

आणि तिसऱ्या दिवशी का दिसली याचंही कारण नाशिकच आहे. रात्री १०, दुपारी २८. दुपारी सहज पातळ होणारी चरबी सुटते, रात्री परत गोठते, आणि गोठताना आधीच्या मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसते. रोज थोडा थोडा रवा जाड होतो. डब्या उन्हाच्या खिडकीजवळ असतील तर आणखी लवकर.

वहीतलं | ३१ डिसेंबर, दुपारी १२:१५

व्हिटॅमिन ई घाला. कणी येत नाही.

रसायनशाळा | ३१ डिसेंबर, दुपारी १२:४०

व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, अर्धा टक्का पुरतं. कणीशी त्याचा संबंध नाही. खवटपणा वासाला कळतो, जुन्या रंगाच्या डब्यासारखा. कणी फक्त बोटाला कळते. दोन वेगळे आजार आहेत.

तूपसाखर | ३१ डिसेंबर, दुपारी ३:०५

अबोलीताई, एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा शतधौत घृत करा. तांब्याच्या परातीत गायीचं तूप, थोडं थोडं गार पाणी घालून तळहाताने फेटायचं, पाणी काढायचं, असं शंभर वेळा. पांढरंशुभ्र लोणी होतं, एक कण सापडणार नाही.

मधपोळं | ३१ डिसेंबर, दुपारी ३:२२

सहाशे ग्रॅम तूप शंभर वेळा धुवायचं? वाणाच्या आधी ताईंचा हातच वाण म्हणून द्यावा लागेल. आणि त्यात पाणी अडकून राहतं. घरी करून लगेच वापरायला उत्तम. चाळीस घरांत जाऊन महिनोन्महिने पडून राहणार असेल तर नको, बुरशी धरू शकते.

तूपसाखर | ३१ डिसेंबर, दुपारी ३:३०

शंभर धुण्यांनंतर पाणी नीट निथळलं तर काही होत नाही.

मधपोळं | ३१ डिसेंबर, दुपारी ३:३४

निथळल्यावर जे पांढरं दिसतं, ते आत अडकलेल्या पाण्यामुळे आणि हवेमुळेच तर दिसतं.

जागरूक_नागरिक | ३१ डिसेंबर, सायंकाळी ७:१८

सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायची तर परवाना लागतो. १९४० चा कायदा आहे, २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत. ही सगळी चर्चा बेकायदेशीर कामाला उत्तेजन देणारी आहे.

अबोली_नाशिक | ३१ डिसेंबर, सायंकाळी ७:२५

विकत नाहीये. वाण आहे. हळदीकुंकू.

जागरूक_नागरिक | ३१ डिसेंबर, सायंकाळी ७:३१

आज वाण, उद्या दुकान.

खर्चिक_खारूताई | ३१ डिसेंबर, सायंकाळी ७:४०

वाणात डबीवर सोनेरी लेबल छान दिसेल. छापून मिळतात, कमीत कमी ५०० घ्यावी लागतात.

रसायनशाळा | १ जानेवारी, सकाळी ९:१०

मूळ प्रश्नाकडे येऊ. आहे तो बाम वाचतो. एकदम सगळा करू नका, आधी पाच डब्या.

बाम चमच्याने खरवडून स्टीलच्या भांड्यात काढा. डबी थेट गॅसवर किंवा तव्यावर ठेवू नका, तळ जळतो आणि वरचं तसंच राहतं. मायक्रोवेव्हही नको, एका जागी उकळतं आणि शेजारी गोळा राहतो.

खालच्या पाण्याला खळखळून उकळी नको, नुसते बुडबुडे. बाम पूर्ण पारदर्शक झाल्यावर घड्याळ लावा, तिथून पुढे वीस मिनिटं. ७५ च्या खाली जाऊ देऊ नका, ८० च्या वर नेण्यात फायदा नाही. विकत घ्यायचंच असेल तर सुईवाला स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, तुमच्या बजेटात बसून उरेल. लांबून लाल ठिपका मारणारा नको, चकचकीत स्टीलवर तो चुकीचा आकडा दाखवतो.

भांडं उचललं की आधी त्याचा तळ कोरड्या फडक्याने पुसा. तळाचं पाणी ओतताना ओघळून डबीत जातं आणि नंतर बाम घामेजल्यासारखा दिसतो. हे फार जण विसरतात.

मग भांडं बर्फाच्या पाण्यात धरा आणि रबरी उलथन्याने कडा व तळ सतत खरवडत ढवळा. कडेला दुधाळ साय धरायला लागली की थांबा, तुमच्या प्रमाणाला ते साधारण ५० ते ५५ अंशांत होईल. सुगंधी तेल घालायचं तर आत्ता. त्याहून गार करत बसलात तर मेण आवळतं, धार तुटते आणि हवा अडकते.

आता महत्त्वाचं. मेणाच्या बामात नुसतं ढवळण्यावर भिस्त ठेवून चालत नाही. मेण पन्नाशीत गोठतं, पण शियाची कणी त्याच्या बरीच खाली धरते, म्हणजे बाम डबीत बसल्यावर. म्हणून डबीतलं गार होणं जास्त जलद हवं. स्टीलचं ताट आधीपासून फ्रीजरमध्ये ठेवा, त्यावर डब्या दोन बोटं अंतर सोडून मांडा, ओतल्या ओतल्या ताटासकट फ्रिजमध्ये. १५ ग्रॅमच्या डबीला अर्धा तास भरपूर.

वहीतलं | १ जानेवारी, सकाळी ९:५५

फ्रीजरमध्येच ठेवायच्या ना? लवकर होईल.

मधपोळं | १ जानेवारी, सकाळी १०:२०

फ्रीजरमध्ये दहा-पंधरा मिनिटांच्या वर ठेवलं तर वरचा थर आधी आवळतो, आतला नंतर, आणि मधे चीर जाते. फ्रिज बरा. झाकणं ठेवताना उघडी, बाहेर काढतानाही उघडी, पण वर एक कोरडं सुती फडकं. गार डबीवर दव धरतं, झाकण लावून टाकलंत तर ते पाणी आत कोंडतं. खोलीच्या तापमानाला आल्यावर झाकण. आणि फ्रिजमधला चिरलेला कांदा आधी हलवा, चरबी वास ओढून घेते.

मधोमध खळगा पडेल. चमचाभर बाम भांड्यात शिल्लक ठेवा, डबी अर्धवट बसली की वरून भरा.

भिरंडेल | १ जानेवारी, दुपारी ४:००

एवढा बर्फ, ताट, फ्रीजर. कोकमाला यातलं काही लागलं नसतं.

रसायनशाळा | १ जानेवारी, दुपारी ४:१२

लागलं असतं.

अबोली_नाशिक | ५ जानेवारी, रात्री ९:३०

पाच डब्या सांगितल्याप्रमाणे केल्या. थर्मामीटर घेतला, ३२० रुपये. वीस मिनिटं ७६ वर. ताट, फ्रिज, फडकं, सगळं. दुसऱ्या दिवशी अगदी गुळगुळीत, लोणी. मधला खळगाही भरला.

मग दोन डब्या कपाटात ठेवल्या, दोन फ्रिजमध्ये, एक मुद्दाम दुपारच्या उन्हाच्या खिडकीत. आज बघितलं. कपाटातल्या आणि फ्रिजमधल्या ठीक. खिडकीतली परत कणीवर आली, आधीपेक्षा बारीक, पण आहे. आणि हो, पहिल्या डब्यांत मधल्या जास्त खरखरीत होत्या, कोपऱ्यातल्या कमी. तुम्ही म्हणालात तसंच.

रसायनशाळा | ५ जानेवारी, रात्री १०:१५

चाचणी छान केलीत. खिडकीतली वितळून परत सावकाश गोठली, त्याला इलाज नाही. जलद गार केल्याने सुरुवात चांगली होते, पण पुढे डबी तापली की तो फायदा संपला. बाकीच्या ३५ करा आणि सोबत चिठ्ठी द्या: "उन्हात, गाडीत ठेवू नये."

खर्चिक_खारूताई | ५ जानेवारी, रात्री १०:२२

थर्मोकोलच्या छोट्या पेट्या मिळतात.

टेम्परिंगकाका | ५ जानेवारी, रात्री १०:४०

बी टाका. शियाचंच बारीक किसलेलं, चांगलं गुळगुळीत असलेलं एक टक्का, ओतायच्या आधी.

रसायनशाळा | ५ जानेवारी, रात्री १०:५२

५० अंशांच्या मिश्रणात ते विरघळून जाईल, काका.

भिरंडेल | ५ जानेवारी, रात्री ११:०५

शिया ६० वर आणा, कोकम ९०, बदाम तेल २४०, मेण ६०, बाकी खोबरेल. शेवटचं सांगतोय.

मोरपीस८ | ६ जानेवारी, सकाळी ७:४५

३५ डब्या करा, चिठ्ठी द्या. मीही हेच म्हणते.

अबोली_नाशिक | ६ जानेवारी, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. ठरवलं.

शियाही नको, कोकमही नको. चाळीस बायकांपैकी निम्म्या तरी डबी पर्समध्ये टाकून गाडीत विसरणार. मार्चमध्ये सगळ्यांकडे रवा होईल आणि मला फोन येतील. ज्यात गोठून कणी होणारी चरबी जवळजवळ नाही असंच करते: तिळाचं तेल आणि मेण. संक्रांत आहे, तीळ हवेतच.

घाण्याच्या तेलाची अर्ध्या लिटरची बाटली, म्हणजे ४६० ग्रॅम. मेण ११५. उरलेलं खोबरेल २५. एकूण ६००. तेल आणि मेणाला मिळून थर्मामीटरनंतर उरलेल्या ६८० रुपयांत भागतंय. शियाचा बाम माझ्याच टाचांना, वर्षभर पुरेल.

तूपसाखर | ६ जानेवारी, रात्री ९:०४

अहो पण तिळाच्या तेलाचा वास? हाताला लावून कोणी चहा करायला गेलं तर चटणी आठवेल.

खर्चिक_खारूताई | ६ जानेवारी, रात्री ९:१०

आणि साडीला डाग. शियाचं बरं होतं, मुरतं तरी.

भिरंडेल | ६ जानेवारी, रात्री ९:२१

म्हणजे आठ दिवस आम्ही लिहिलं ते कशासाठी?

मधपोळं | ६ जानेवारी, रात्री ९:४८

मला पटलं नाही, मेणाचा बाम त्वचेवर थर देऊन बसतो, शियासारखा मुरत नाही. पण करताच आहात तर: भाजलेल्या तिळाचं तेल नको, कच्च्या तिळाचं फिकट घ्या, वास बराच कमी. तिळाच्या तेलात स्वतःचीच राखणारी द्रव्यं असतात, बदामापेक्षा उशिरा खवट होतं. एकास चार हे मेणाचं प्रमाण डबीला ठीक आहे. तेल आणि मेण एकत्रच चढवा, ७० च्या आसपास ओता, यात बर्फ नको. उलट फार गार डबीत ओतलंत तर कडेला मेणाचे पापुद्रे धरतील. डब्या खोलीच्या तापमानाला, कोरड्या. जुन्या डब्या साबणाच्या गरम पाण्याने धुऊन झाकणाच्या आट्यांतलं पाणी पूर्ण सुकवा. ओतल्यावर पहिल्या दिवशी मऊ वाटलं तरी मेण वाढवू नका, दोन दिवसांत अजून घट्ट होतं.

आणि डबीवर "तिळाचं तेल" असं ठळक लिहा. काहींना तिळाची ॲलर्जी असते.

रसायनशाळा | ६ जानेवारी, रात्री १०:०१

मी असतो तर ३५ वाचवल्या असत्या. पण उन्हाबद्दलचा तुमचा हिशेब चुकीचा नाही. आधी चमचाभर बशीवर टाकून निववा, बोटाने दाबून घट्टपणा बघा, मगच डब्या भरा.

अबोली_नाशिक | ९ जानेवारी, दुपारी १:३५

४० डब्या तयार. एक परत खिडकीत ठेवली होती, दोन दुपार. मऊ झाली, पण कणी नाही. वास येतो थोडा, तिळाच्या वडीसारखा.

विदर्भातून | ९ जानेवारी, दुपारी २:२०

धागा आत्ता पाहिला. हाच बाम मे महिन्यात नागपूरला चालेल का? इथे ४५ होतं.

मधपोळं | ९ जानेवारी, दुपारी २:४४

मेण २५ टक्के करा. एकास तीन. हिवाळ्यात मात्र दगड लागेल, तेव्हा परत एकास चार.

खर्चिक_खारूताई | ९ जानेवारी, दुपारी २:५०

नागपूरला असाल तर छोटा फ्रिजच घ्या ना, प्रसाधनांसाठी वेगळा मिळतो.